अल्फा हायड्रोजन मोजताना मी जिथे घसरलो

"प्रोपीनमध्ये सहा हायड्रोजन, मग हायपरकॉन्जुगेशनच्या जादा रचना तीनच कशा? आणि हे कॉन्जुगेशनपेक्षा मोठं असतं का?" हा तुझा प्रश्न वाचला आणि माझी बारावी आठवली. सिग्मा-पाय बंध येतात असं धरून लिहितो. हायपरकॉन्जुगेशन म्हणजे शेजारच्या सी-एच बंधाचे इलेक्ट्रॉन दुहेरी बंधाकडे थोडे झुकणं (सविस्तर खाली); दर अल्फा हायड्रोजनमागे त्याची एक जादा रचना काढतात. मी काही प्राध्यापक नाही, फोंड्यात शिकवण्या घेतो, तेव्हा सरांना एकदा विचारून घे.

दुहेरी बंधाच्या कार्बनवरचे हायड्रोजन मोजायचेच नाहीत. त्याला लागून असलेल्या एसपी3 (चारही बंध एकेरी असलेल्या) कार्बनवरचेच अल्फा. प्रोपीनमध्ये ते मिथिलचे तीन. मी मात्र परीक्षेत सरसकट सगळे मोजले. 1-ब्यूटीन आणि 2-ब्यूटीन, दोन्हीकडे आठ-आठ! म्हणून ठोकून दिलं, "दोघांचं स्थैर्य सारखंच." खरं तर पहिल्यात अल्फा दोन, दुसऱ्यात सहा. हायड्रोजन जोडताना पहिलं मोलला सुमारे 127 किलोज्यूल सोडतं, ट्रान्स-2-ब्यूटीन 115-116. कमी उष्णता, म्हणजे आधीच जास्त स्थिर. (सगळं श्रेय हायपरकॉन्जुगेशनचं नाही म्हणतात, पण बारावीला एवढं पुरे.)

गुण गेले, वर बोर्डात पुनर्तपासणीचा अर्ज केला. खिडकीवरचा माणूस म्हणे बोनाफाईड आणा, मग म्हणे साहेब रजेवर. कदंब बसच्या चार फेऱ्या झाल्यावर कळलं की तिथे फक्त बेरीज तपासतात. तोवर प्रवेश संपले होते. चूक माझीच होती, पण पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं?

असो. कॉन्जुगेशनमध्ये शेजारच्या अणूंचे पी-ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनांच्या जागा) एकमेकांना समांतर असतात आणि पाय इलेक्ट्रॉन सगळ्यांवर पसरतात. चवथीच्या फुगडीत सगळ्यांचे हात मोकळे, तसं. हायपरकॉन्जुगेशनमध्ये सी-एच सिग्मा बंधाचे इलेक्ट्रॉन शेजारच्या रिकाम्या पी-ऑर्बिटलमध्ये किंवा पाय बंधाच्या रिकाम्या प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये थोडे झुकतात. कडेवर पोर असलेली बाई फेरात एक हात देते, पण पोर खाली ठेवत नाही. 'नो-बॉन्ड रेझोनन्स' हे याचंच दुसरं नाव ऐकून मला वाटायचं, हायड्रोजन सुटून जातो. तो कुठेही जात नाही.

'हायपर' म्हणजे मोठं, हाही गैरसमज. साधारणपणे कॉन्जुगेशनच वरचढ. पण 1,3-ब्यूटाडाईनमध्ये तेही फार नाही: हायड्रोजन जोडताना दोन 1-ब्यूटीनच्या हिशेबाने 254 किलोज्यूल यायला हवेत, येतात 239 च्या आसपास. बेंझीनची गोष्ट वेगळी, तिथे फरक दीडशेच्या घरात. हायपरकॉन्जुगेशन हे नाव मलिकन या शास्त्रज्ञाने 1939 मध्ये दिलं. मला विचारशील तर नाव फसलंय.

जाता जाता, मानकुराद आंब्याच्या गराचा रंग कॅरोटिनॉइडांचा. त्यातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये एकाआड एक 11 दुहेरी बंध असतात, म्हणजे लांबलचक कॉन्जुगेशन. असा रंग हायपरकॉन्जुगेशनने येत नाही.

आता 1,4-पेंटाडाईन घे. मधला सीएच2 आड येतो, म्हणून दोन दुहेरी बंधांत कॉन्जुगेशन नाही. त्याचे अल्फा हायड्रोजन मोजून इथेच लिही. चार आले तर मधला कार्बन दोनदा मोजलास.