आफ्रोफ्युचरिझम (कृष्णवर्णीयांनी रंगवलेली भविष्याची चित्रं) म्हणजे वाकांडाच ना? आफ्रिकेतले लोक स्वतःचं भविष्य कसं रंगवतात?

नाही, ते आफ्रिकेतल्या लोकांनी रंगवलेलं भविष्य नव्हे. वाकांडा ('ब्लॅक पँथर'मधला काल्पनिक आफ्रिकी देश) अमेरिकन कॉमिक्समध्ये जन्मलं. 'आफ्रोफ्युचरिझम' हा शब्दही तिथलाच, समीक्षक मार्क डेरी यांनी १९९३ च्या सुमारास आणलेला, तोही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या कथा-संगीताबद्दल बोलताना. नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांना तो आपल्या लेखनाला लावलेला पटेना, म्हणून २०१९ मध्ये त्यांनी 'आफ्रिकनफ्युचरिझम' हा आफ्रिकेला केंद्रस्थानी ठेवणारा वेगळा शब्द मांडला. नावांचा वाद एवढा पुरे.

मी तुम्हाला बोडीस इसेक किंगेलेझ यांची शहरं बघायला सांगेन. हा काँगोतल्या एका खेड्यातला मुलगा, १९७० मध्ये किन्शासाला आला. पुठ्ठा, रंगीत कागद, खोकी, बाटल्यांची बुचं, स्ट्रॉ यांतून त्याने अख्खी शहरं उभी केली. (पहिल्यांदा फोटो बघितले तेव्हा मला थेट गणपतीचं मखर आठवलं.) त्याची पहिली प्रतिकृती बघून किन्शासाच्या संग्रहालयातल्या लोकांना ती चोरीची वाटली म्हणे. मग त्याने त्यांच्यासमोर दुसरी करून दाखवली!

बाहेर खरी किन्शासा वेडीवाकडी फुगत होती. याने १९९४ मध्ये काय केलं, तर स्वतःच्या शेतीवाडीच्या खेड्याचं महानगर केलं. त्यात गगनचुंबी इमारती आल्या, स्टेडियम आलं, आणि नाव मात्र खेड्याचंच ठेवलं, किम्बेम्बेले इहुंगा. दोन वर्षांनी आणखी एक शहर बांधलं, तिथे पोलिसांची गरजच नाही. काहींना हा भाबडेपणा वाटतो. मला वाटत नाही. पोलिसांशिवायचं शहर सुचायला रोजचे पोलीस बघितलेले असावे लागतात.

झाम्बियाचे एडवर्ड मुकुका न्कोलोसोही असेच. १९६४ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी चंद्रावर आणि मंगळावर माणसं पाठवायची घोषणा केली. सराव म्हणून उमेदवारांना तेलाच्या पिंपात बसवून उतारावरून गडगडत सोडायचे. परदेशी पत्रकार पोट धरून हसले. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होता आणि पुढे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला होता, त्यामुळे तो नक्की कोणाची थट्टा करत होता यावर आजही वाद आहे.

वेळ कमी असेल तर वानुरी काहिऊ यांचा 'पुम्झी' (२००९) हा केनियाचा लघुपट बघा. वीसेक मिनिटांचा आहे. पाण्यावरून झालेल्या महायुद्धानंतरची गोष्ट आहे, लोक स्वतःचा घाम शुद्ध करून पितात. त्यातली आशा नावाची मुलगी तेच पाणी एका रोपाला घालते.