इशारा जिल्ह्याचा, पाऊस ठिकाणाचा

हवामान विभागाचा इशारा जिल्ह्याच्या नावाने येतो, त्यामुळे रायगडला नारिंगी इशारा असताना तुमच्या अलिबागेत ऊन पडले, तरी अंदाज चुकला असे लगेच म्हणू नये. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे लिहिलेले असेल, तर फार तर एक चतुर्थांश ठिकाणीच तसा पाऊस अपेक्षित असतो, मात्र जेथे पडेल तेथे तो २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकतो. हे २४ तास सकाळी साडेआठपासून मोजतात, ही गोष्ट आकाशवाणीवरील आकडे ऐकताना नवख्यांच्या लक्षातून हमखास निसटते. घरातून निघण्यापूर्वी पाहायचा तो पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज; आठवडाभराच्या अंदाजावरून छत्रीचा निर्णय करण्याची सवय, माझ्या मते, लवकर सोडलेली बरी.