मुलाच्या काळजी योजनेत खेळाची नोंद आधी करून घ्या

नमस्कार.

नाशिकमधील एका बालगृहातील मुलांना तुम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी धावण्याचा सराव देता, त्यातील एका मुलाला शालेय स्पर्धेच्या निवड चाचणीला नेण्याची परवानगी कार्यालयात अडकली आहे, आणि तेवढ्यात त्याच मुलाची दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत बदली होणार असल्याचे तुमच्या कानावर आले आहे. शेवटी तुम्ही विचारले आहे की, बाहेरच्या माणसाला यात बोलण्याचा काही अधिकार असतो का. मी निवृत्त क्रीडाशिक्षक असून बरीच वर्षे अशाच एका संस्थेतील मुलांना खो-खो शिकवत आलो आहे आणि तुमच्या प्रश्नातून मी स्वतः गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. कायद्याबद्दल जे लिहीन ते अनुभवातून आणि वाचनातून आलेले आहे, त्यामुळे पाऊल उचलण्यापूर्वी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. पुढे ज्या मुलाची हकीकत सांगतो, त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पोलीस पडताळणी, संस्थेचे लेखी पत्र, मैदानावर नेहमी किमान दोन प्रौढ असणे, या गोष्टी तुम्ही आधीच केल्या असतील असे गृहीत धरतो.

आमच्या संघात पेठ तालुक्यातला एक मुलगा होता. वडील वारलेले, आई हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला, घरी सांभाळणारे कोणी नाही, म्हणून अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीच्या आदेशाने तो बालगृहात आला होता. वर्गात तो जवळजवळ बोलत नसे, परंतु त्याची पळती बघण्यासारखी होती. खांबाजवळ हुलकावणी देऊन तो अशा वेळी दिशा बदलायचा की पाठलाग करणारा तोल जाऊन पुढे निघून जाई. त्याची निवड पुढच्या स्तरासाठी झाली, तेव्हा अर्जावर पालकांची सही लागली आणि जिल्ह्याबाहेर मुक्कामाला नेण्याची परवानगी लागली. अधीक्षकांनी त्याच दिवशी पत्र पाठवले. त्यानंतर ज्या कार्यालयात ते पत्र गेले, त्याने आमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवले. प्रथम सांगण्यात आले की अशा परवानगीचा शासन निर्णय जोडा. मग सांगण्यात आले की हा विषय आमचा नाही, समितीचा आहे. समितीकडे जावे, तर कार्यालयाचा अभिप्राय आल्याशिवाय प्रकरण समोर ठेवता येत नाही, असे त्याच कार्यालयातील कर्मचारी सांगत. स्पर्धा होऊन गेली. पुढे संस्थेतील मुलांची संख्या कमी करायची म्हणून काही मुलांना दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्याचा प्रस्ताव त्याच कार्यालयाने केला, आणि त्यात या मुलाचे नाव होते.

मी भेटायला गेलो तेव्हा मला विचारण्यात आले, "तुम्ही त्याचे कोण?" नातेवाईक नाही असे सांगितल्यावर माझे म्हणणे ऐकूनच घेतले गेले नाही. फाईलमध्ये त्याच्या खेळाविषयी काय आहे ते तरी पाहा, अशी विनंती केली, तेव्हा खेळाच्या रकान्यात "टीव्ही पाहणे, खेळणे" एवढेच लिहिलेले निघाले. गावोगाव जाऊन जिंकलेल्या सामन्यांचा, प्रमाणपत्रांचा कुठेही उल्लेख नव्हता. नव्या संस्थेत मैदान नव्हते. काही महिन्यांनी त्याच्या आईकडून समजले की त्याने खेळ सोडला आणि पाठोपाठ शाळाही सोडली. त्या कार्यालयाबद्दल माझ्या मनात आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही. एका मुलाच्या आयुष्यात कष्टाने उभे राहिलेले एकमेव काम मोडताना तिथल्या कोणालाही ते पान पूर्ण वाचावेसे वाटले नाही.

त्यानंतर मी जे शिकलो, ते सांगतो. बालगृहातील प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना तयार करावी लागते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ खालील आदर्श नियम २०१६ मध्ये आले, आणि त्यात या योजनेत मुलाच्या कोणत्या गरजांचा विचार व्हावा हे दिलेले आहे. आरोग्य, शिक्षण यांच्याबरोबर विरंगुळा, सर्जनशीलता व खेळ ही एक बाब आहे आणि जिव्हाळ्याची माणसे व नातेसंबंध ही दुसरी. कायद्याच्या कलम ५३ मध्येही संस्थेने द्यायच्या सेवांत खेळाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तुम्ही जे करत आहात ते संस्थेवरचे उपकार नाहीत, तो मुलाला मिळायलाच हव्या असलेल्या सेवेचा भाग आहे. हे एकदा मनात पक्के झाले की कार्यालयातील खुर्चीसमोर उभे राहण्याची आपली पद्धत बदलते.

म्हणून माझा ठाम आग्रह आहे की मुलाचा खेळ आणि त्याला शिकवणारी व्यक्ती या दोन्ही गोष्टी त्या योजनेत दोन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या गेल्या पाहिजेत. खेळाच्या जागी नियमित सराव, वार, वेळ, मैदान, मिळालेली निवड हे सगळे यावे. नातेसंबंधांच्या जागी हे यावे की अमुक प्रशिक्षकाशी मुलाचा जिव्हाळा आहे आणि बदली किंवा घरवापसीच्या वेळी हा संपर्क कसा टिकवायचा याचा विचार व्हावा. योजना संस्थेतील परिविक्षा अधिकारी (मुलाच्या प्रकरणाचा पाठपुरावा करणारे) किंवा समुपदेशक लिहितात आणि तिचा वेळोवेळी आढावा होतो. त्यांच्याकडे वेळ कमी आणि फाईली जास्त असतात, त्यामुळे "खेळाबद्दल लिहा" असे तोंडी सांगून काही होत नाही. मी दर महिन्याला एका पानाचा अहवाल नेऊन देतो. मूल किती वेळा सरावाला आले, काय जमू लागले, कोणाशी बोलू लागले, कशामुळे अस्वस्थ झाले, एवढेच. ते पान फाईलला लागते, आणि आढाव्याच्या वेळी अधिकाऱ्यांना आयता मजकूर मिळतो.

अहवालात पदकांपेक्षा वागणुकीतील बदल लिहा, असे मी सुचवेन. एक उदाहरण देतो. खो-खोत बसलेल्या खेळाडूला मागून पाठीला हात लावून आणि तोंडाने "खो" म्हणून उठवायचे असते. घरी किंवा रस्त्यावर मार खाल्लेले मूल पाठीला हात लागताच उठत नाही, ते आक्रसते, खांदे कानापर्यंत नेते, कधी दोन्ही हातांनी डोके झाकून घेते. अशा मुलावर "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि तिथेच ते मूल आपल्या हातून कायमचे निसटते. आम्ही सुरुवातीला केवळ आवाजाने खो देतो, मग मुलाला सांगून, त्याच्या पसंतीच्या सवंगड्याच्या हाताने, आणि नियमाप्रमाणे हात व आवाज एकत्र फार उशिरा. ज्या दिवशी ते मूल मागे न पाहता झेपावते, त्या दिवसाची नोंद समुपदेशकासाठी कोणत्याही प्रमाणपत्राइतकीच मोलाची असते. धावण्याच्या सरावातही हे लागू आहे. रिलेमध्ये बॅटन मागून येते, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नातेवाईक नसलेल्या माणसाने समितीकडे लेखी निवेदन द्यायला कोणतीही आडकाठी नाही. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, ती न्यायपीठ म्हणून काम करते आणि तिचे आदेश लेखी असतात. राज्यातल्या राज्यात एका बालगृहातून दुसऱ्या बालगृहात पाठवण्याचा आदेश समितीच्या शिफारशीवरून आणि मुलाचे हित पाहून व्हावा, असे कलम ९६ सांगते. शिवाय कायद्याच्या मूलभूत तत्त्वांत मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे तत्त्व आहे. म्हणून निवेदनात स्वतःच्या मेहनतीबद्दल, दुखावल्याबद्दल एक शब्दही लिहू नका. मुलाला समितीसमोर बोलण्याची संधी द्यावी, बदली अटळ असल्यास मैदान आणि जवळ शाळा असलेल्या संस्थेचा विचार व्हावा, आणि प्रशिक्षकाला भेटीची व फोनची परवानगी आदेशात नमूद व्हावी, एवढ्याच मागण्या करा. मात्र मुलाला घरी पाठवण्याचा निर्णय होत असेल, तर त्यात खेळाचे कारण पुढे करून आडवे जाऊ नका. संस्थेतील वास्तव्य हा शेवटचा पर्याय आहे असे कायदाच मानतो, आणि माझेही मत तेच आहे. आई सांभाळू शकत असेल तर मूल आईजवळ हवे. तेव्हा आपले काम हे की गावाजवळचे मैदान, शाळेतील क्रीडाशिक्षक किंवा एखादे मंडळ शोधून मुलाची गाठ घालून देणे. जाता जाता, एकल आईला बालसंगोपन योजनेचे दरमहा २२५० रुपये मिळू शकतात का, हे जरूर विचारून ठेवा. मजुरीवर जगणाऱ्या घरात मूल शाळेत राहील की कामाला जाईल हे पुष्कळदा एवढ्या रकमेवर ठरते.

काही गोष्टी कडक वाटतील, तरी लिहितो. आठ दिवसांचे शिबिर घेऊन, बूट वाटून, फोटो काढून निघून जाणाऱ्यांनी बालगृहात येऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधीच अनेक मोठी माणसे ज्यांच्या आयुष्यातून निघून गेली आहेत, त्या मुलांना आणखी एक निघून जाणारा माणूस देणे बरे नव्हे. ज्याला किमान दोन-तीन वर्षे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पोहोचता येईल त्यानेच सुरुवात करावी. फोटोंबाबत तर तडजोड नकोच. कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असे काही प्रसिद्ध करणे गुन्हा आहे, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर विजयी संघाचा फोटो टाकणारे सद्भावनेनेच टाकतात, पण संस्थेचे नाव लिहिलेली जर्सी पाठीवर घालून मैदानभर फिरणाऱ्या मुलाचे काय होते ते त्यांनी प्रेक्षकांत बसून ऐकावे. आमची मुले परिसरातील मंडळाच्या नावाने, मंडळाच्या इतर मुलांत मिसळून खेळतात. कुंपणाच्या आत घेतलेल्या सरावापेक्षा हे मिसळणे अधिक उपयोगी ठरते, कारण त्यांना पाठीशी उभे राहणारे दादा आणि ताई तिथेच मिळतात.

तसेच, मुलाने काही भयंकर सांगितले तर "मी कोणाला सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. आधी ऐकून घ्यावे, खोदून प्रश्न विचारू नयेत, आणि मदतीसाठी कोणाला सांगावे लागेल हे मुलाला प्रेमाने समजावावे. १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असू द्या.

आपल्या जिल्ह्यात मुलांपुढे नेहमी दोन नावे ठेवली जातात. सावरपाड्याच्या कविता राऊत, ज्यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ, जे २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले. दोघांबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु "तूही तसा हो" असे म्हणताना आपण हे विसरतो की राऊत यांना नाशिकमध्ये वर्षानुवर्षे एकच प्रशिक्षक लाभले आणि भोकनळ लष्करात गेल्यावर त्यांना जेवण, निवारा आणि मार्गदर्शन एकाच छताखाली मिळाले. बालगृहातील मुलाजवळ जिद्द असतेच. त्याच्याकडे नसते ते हे सातत्य, आणि बदलीच्या एका कागदाने तेच तुटते.

अठराव्या वर्षाची तयारी सोळाव्या वर्षीच सुरू करा. संस्था सोडल्यावर अनुरक्षणाची, म्हणजे पुढे स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतच्या मदतीची, सोय साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत असते, पण कागदपत्रे हाती नसतील तर तिचा पुरेपूर उपयोग होत नाही. धावणाऱ्या मुलांचे लक्ष पोलीस भरतीकडे असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, ते त्यांना जमते, आणि मग जातीचा दाखला नाही म्हणून अर्ज अडतो. पेठ-सुरगाण्याकडील मुलांच्या दाखल्यासाठी वडिलांकडील नोंदी लागतात, आणि मूल संस्थेत असतानाच अधीक्षकांच्या पत्राने त्या मिळवणे सोपे जाते. आई-वडील दोघेही नसलेल्या मुलाचे अनाथ प्रमाणपत्र त्याच वेळी काढून घ्यावे, कारण राज्यात अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे. एक लहान सूचनाही करतो. सरावाहून परतायला उशीर होणार असेल तर संस्थेच्या स्वयंपाकघरात आधी कळवा, म्हणजे मुलांना गार भाकरी खावी लागणार नाही, आणि पिशवीत शेंगदाणे-गूळ ठेवत जा.

या आठवड्यात तुम्ही एवढे करा. समितीची बैठक कोणत्या वारी असते ते परिविक्षा अधिकाऱ्यांना विचारा, मुलाच्या काळजी योजनेत खेळाविषयी आज काय लिहिले आहे ते त्यांनाच वाचून पाहायला सांगा, आणि अधीक्षकांच्या शिफारशीसह निवेदन थेट समितीकडे देऊन पोच घ्या. पोचेवर तारीख आणि शिक्का दोन्ही असू द्या, कारण नंतर "आमच्याकडे असे काही आलेच नाही" हे उत्तर मी स्वतः ऐकलेले आहे. निवेदनाचा मसुदा हवा असल्यास मला खाजगी निरोप पाठवा, मी लिहून देईन. मुलाचे किंवा संस्थेचे नाव मात्र इथे किंवा निरोपात लिहू नका.