कोण नाही, ते आधी लिही

बेटा,

तुझा समाजशास्त्राचा प्रकल्प दोनदा वाचला. पन्नास घरं, चाळीस पानं आणि शेवटी निष्कर्ष, 'गावात जातिभेद आढळला नाही.' त्याखाली पेन्सिलीने, 'सर, पण हे खरं वाटत नाही. चुकलं कुठे?' सगळ्या प्रकल्पात कामाची ओळ तेवढीच आहे. तिच्यासाठीच हे पत्र.

चूक पहिल्याच पानावर आहे. तू सकाळी अकराला गेलीस, तेही ऐन कापूस वेचणीत. त्या वेळी घरी कोण सापडणार? ज्याला वावरात जावं लागत नाही तो. वेचणीला गेलेल्या बाया नाहीत, सालदार नाही, ढोरं राखणारा नाही. जे सापडले त्यांनाच तू 'गाव' म्हटलंस. म्हणून सांगतो, आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: वहीच्या प्रत्येक पानावर वर आधी लिही, इथे कोण नाही.

घरं निवडायची रीत सोपी आहे. ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंदवही असते, नमुना ८. समज, 400 घरं आहेत आणि तुला 50 हवीत, तर दर आठवं घर. 1 ते 8 च्या चिठ्ठ्या टाक. 3 निघाला तर 3, 11, 19, 27 असं पुढे. कुलूप असेल तर तीनदा जा, त्यातलं एकदा तरी दिवेलागणीनंतर. कुलूप दिसलं की शेजारच्याचा फॉर्म भरायचा, हे बंद कर! शेजारी घरी असतो यालाच कारण असतं, आणि नेमकं ते कारण तुझ्या आकड्यांत शिरतं. एवढं करूनही नोंदवहीत नसलेली घरं उरतातच. गायरानावरची झोपडी, वीटभट्टीवरचं कुटुंब, गावाबाहेरचा पारधी बेडा. त्यांची वेगळी यादी पायी फिरून कर.

आता प्रश्न. 'तुमच्या गावात जातिभेद आहे का?' असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? 'काही नाही बाप्पा, आम्ही सारे एक' हेच ऐकू येणार. मत विचारू नको, घडलेलं विचार. मागच्या लग्नात रांधलं कोणी? पंगती किती बसल्या, शेवटच्या पंगतीत कोण होतं? मजूर पाणी कशातून पितो, ते भांडं कुठे ठेवतात? स्मशानभूम्या किती? मजुरीचंही तसंच. 'रोजी किती' विचारलंस, पण वेचणीचा हिशेब किलोवर होतो. काल किती किलो वेचला, काय भावाने, वजन कोणी केलं, पैसे कोणाच्या हातात दिले, असं विचार. शेवटच्या दोन प्रश्नांवर बाई जरा थांबते. ते थांबणंही लिहून ठेव.

बहुतेक फॉर्मवर उत्तर देणारा पुरुष आहे. बाईबद्दलचे प्रश्नसुद्धा त्यालाच विचारलेत. तू मुलगी आहेस, चुलीपर्यंत जाऊ शकतेस. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये गावाचा अभ्यास करायला म्हैसूरकडच्या रामपुरात राहिले. त्यांच्या वर्णनात गाव वरच्या जातींच्या बाजूने जास्त दिसतं, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं आहे. एवढ्या मोठ्या माणसाने जे कबूल केलं, ते कबूल करायला तुला लाज कसली?

पुस्तकातल्या व्याख्या पाठ कर, परीक्षेला लागतात. ऑगस्ट कॉम्तने विषयाला नाव दिलं, मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये विभाग सुरू झाला, वगैरे. त्यावर मी वेळ घालवणार नाही. आमच्या पिढीने तोच घालवला आणि पोरांच्या हाती गाईडं दिली, याची खंत आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचं मात्र नीट वाच. 1897 मध्ये त्याने आत्महत्यांचा अभ्यास केला तो एकेका माणसाच्या दुःखाचा नव्हता, दरांचा होता. कोणत्या समूहात दर जास्त, कोणत्यात कमी, आणि तो फरक वर्षानुवर्षं का टिकतो? आपल्या भागात हा विषय जपून हाताळायचा. कोणाच्या दारात जाऊन जखम उकरायची नाही. पण आकडा कसा तयार होतो, ते कचेरीत बसून तपासता येतं. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण सरकारी मदतीसाठी 'पात्र' की 'अपात्र' ठरतं ते नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा बघून. सातबारा नावावर नसलेली बाई, मक्त्याने वावर करणारा, सावकाराच्या चिठ्ठीवरचं कर्ज, हे त्या कागदांत कसं दिसणार? आत्महत्यांच्या राष्ट्रीय नोंदीत 2014 पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजतात, गृहिणींचा रकाना निराळाच. तेव्हा 2013 आणि 2014 चे आकडे शेजारी ठेवून 'घटले' म्हणशील तर मार्क कापीन.

मला हट्टी म्हणतात, एकच गोष्ट धरून बसतो म्हणून. म्हणू देत. 9 मे 1916 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला, त्याची मांडणी बघ. जातीचं मर्म जातीतच लग्न करण्यात आहे. मग जोडप्यातला एक मेला की दुसरा उरतो, आणि त्या उरलेल्या माणसाचं जात काय करते? सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांचा उलगडा त्यांनी त्या एका प्रश्नातून केला. हिशेबातून बाहेर पडलेलं माणूस शोधलं आणि सगळी यंत्रणा हाती आली. मी याहून वेगळं काय सांगतोय?

तर निष्कर्षाचं पान काढून टाक. त्याजागी लिही: 'ही उत्तरं सकाळी अकराला घरी असलेल्या, बहुतेक पुरुषांची आहेत.' मग नमुना ८ ची यादी कर आणि वेचणी संपायच्या आत संध्याकाळी जा. सरपंचाच्या पोराला सोबत नेऊ नको, तो दारात उभा असला की उत्तरं बदलतात.

तुझे सर

ता. क. वहीची झेरॉक्स काढून दुसऱ्या घरी ठेव. 1970 मध्ये अमेरिकेत श्रीनिवासांच्या कार्यालयाला आग लावली गेली, तेव्हा रामपुराच्या टिपणांवर बरीच वर्षं करून ठेवलेलं काम जळालं.