‘निसर्ग आणि मानव’ राहू दे, पेव घे

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, सहा कामं, मार्चअखेर जमा करायची आणि सरांना या आठवड्यात विषय सांगायचाय. कुठला घेऊ असं विचारत तू इथे तीन विषय दिलेस: ‘निसर्ग आणि मानव’, ‘स्त्रीची विविध रूपं’ आणि ‘कृष्णेचा महापूर’. त्याखाली सहज लिहून गेलीस की घर सांगलीजवळ हरिपूरला आहे, आजोबांची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं होती, २००५च्या पुरानंतर ती बंदच झाली. मी तिथेच अडकलो.

आधी तिन्हींचा निकाल लावू. ‘निसर्ग आणि मानव’ हा निबंधाचा मथळा आहे. त्यात झाड काढलं तरी बसतं, कारखाना काढला तरी बसतं, आणि ज्यात सगळंच बसतं त्यात तुला काय काढायचं नाही हे कधीच ठरत नाही. स्त्रीच्या रूपांचं तर दरवर्षी पेव फुटतं. अर्धा चेहरा, मोकळे केस, मागे गडद निळा रंग. परीक्षकांनी एवढे पाहिलेत की तुझं चित्र चांगलं असलं तरी त्यांना ते दिसणार नाही.

महापूर मात्र टाकाऊ विषय नाही. अडचण अशी की बहुतेक जण तो पेपरातल्या फोटोंवरून काढतात: होडी, छतावरची माणसं, वरून दिसणारं तपकिरी पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण तो आकडा चित्रात उतरत नाही. उतरते ती भिंतीवरची पुराची रेघ. ती कुठे खिडकीच्या वर आहे, कुठे नव्या रंगाखालून परत डोकावते, हे तू घराबाहेर पडून बघू शकतेस. विषय निवडताना मी हीच एक कसोटी लावतो: ती गोष्ट जिथे आहे तिथे तू पायी, हवं तेव्हा, वही घेऊन जाऊ शकतेस का? जाता येत नसेल तर तू काढणार ते दुसऱ्याने आधीच बघून ठेवलेलं.

आता पेव. तुझ्या अंगणात जमिनीखाली एक पोकळी होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली मोठा घेर, आत हळद. बाहेरून बघणाऱ्याला नुसती माती. जी वस्तू दिसतच नाही ती काढायची कशी, हा खरा चित्रकाराचा प्रश्न आहे आणि तो तुला घरबसल्या मिळालाय. कोळशाने कागद पूर्ण काळा करून रबराने फक्त तोंडाचा उजेड काढून बघ. दुसऱ्या कागदावर जमीन उभी कापल्यासारखा छेद काढ, गवंडी नकाशा काढतो तसा. दोन्ही भिंतीवर शेजारी लाव आणि कुठलं जवळचं वाटतं ते दोन दिवसांनी ठरव.

आजोबांना ‘तेव्हा कसं वाटलं’ असं विचारू नकोस, उत्तर ‘काय वाटायचं?’ एवढंच येईल. तोंडावर काय झाकायचे, आत कोण उतरायचं, बाहेर काढल्यावर वास कसा यायचा, पाणी शिरल्यावर कुठल्या पेवाचं तोंड आधी खचलं, हे विचार. ते बोलताना हातांनी आकार दाखवतील. ते हात काढ. आणि एक सक्त ताकीद: गावात एखादं जुनं पेव उघडं असेल तर आत उतरायचं नाही. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, माणसं गुदमरतात. वरून बघ, वरूनच काढ.

नवी हळद फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात येऊ लागते, म्हणजे तुझ्या वेळेत. सौदे चालू असताना सकाळी जा. पोत्याच्या ढिगाऱ्यांचं ‘दृश्य’ काढत बसू नकोस, ते सगळ्यांना जमतं. हमालाच्या मानेपाशी साठलेली पिवळी धूळ बघ, पोत्यातून नमुना काढायची अणकुचीदार नळी बघ, बारदानाची उसवलेली शिवण बघ. छोटी छोटी रेखाटनं, पाच-पाच मिनिटांची. फोटो काढलास तरी हरकत नाही, पण फोटोवरून चित्र करायला बसलीस की तुझी रेघ मरते, हे माझं ठाम मत आहे. (यावर इथे वाद होईल, होऊ दे.)

आणि रंग. हळद विषयात असताना पिवळा ट्यूबमधून काढायचा? घरचं हळकुंड कुटून घे. बाजारच्या पुडीत भेसळीचा रंग असू शकतो. हळदीतला रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पूड औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये रात्रभर ठेव आणि गाळून घे. खोली हवेशीर ठेव, गॅसजवळ नको. या अर्काचा हात कागदावर दे, वाळला की त्यावर चुन्याच्या निवळीचा ब्रश फिरव. पिवळ्यातून लालसर तपकिरी उमटेल. त्यावर लिंबू पिळलंस की परत पिवळा. जुनं कुंकू हळदीवर अशीच क्रिया करून बनायचं. पण म्हणून लगेच कुंकू, सौभाग्य, स्त्रीची वेदना अशी गाडी वळवू नकोस, ती मागच्या दाराने तुझा दुसरा विषय परत आणेल.

हा रंग उन्हात उडतो. एका पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत ठेव आणि रोज तारीख टाक. सर म्हणतील, टिकाऊ नाही, गुण कापतील. तेव्हा ती पट्टी दाखव. साठवायला खणलेली जागा पुरात गेली, आणि तिचं चित्रही हळूहळू जातंय. हे तू ठरवून केलंयस हे त्यांना दिसलं की तक्रार उरत नाही. बाकीची कामं काचेआड, सावलीत ठेव आणि प्रत्येकाचा नीट फोटो काढून ठेव.

सहा कामं म्हणजे पेवाची सहा चित्रं नव्हेत. दोन मोठे कोळशाचे कागद, एक बारदानावरचं काम, हातांच्या रेखाटनांची एक पट्टी, ती उन्हात उडणारी पट्टी, आणि सहावं रिकामं ठेव. जानेवारीत काय करावंसं वाटेल ते आज कळत नाही. सगळ्यांचा आकार सारखा करायचा मोह टाळ.

एवढ्याशा विषयात सहा कामं निघतील का, ही शंका तुला येणारच. एका रविवारी औंधला जाऊन ये, सातारा जिल्ह्यात आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं भवानी संग्रहालय तिथे आहे. लोक रविवर्म्यापाशी गर्दी करतात. तू इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या ‘आई आणि मूल’ या शिल्पापाशी उभी राहा. त्या माणसाने हा विषय जन्मभर परत परत केला. शिल्पाच्या चारी बाजूंनी रेखाटनं कर, विशेषतः दोन आकारांमधल्या जागेची. पेवाला त्याचा थेट उपयोग होईल.

सरांना द्यायच्या टिपणात ‘सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं’ वगैरे घालू नकोस, ते त्यांनाही माहीत आहे. चार वाक्यं पुरेत: पेव म्हणजे काय, ते तुझ्या घरी कुठे होतं, आता तिथे काय आहे, आणि तू ते कोणत्या सामानाने काढणार. सोबत पाच-सहा रेखाटनं जोड. टिपण अंगणातल्या त्या जागेचं एक रेखाटन झाल्यावरच लिही, आधी नको. आजोबांशी बोलणं झालं की रेखाटनं इथे टाक, बघू.