पॉलिसी राहू द्या, आधी गोळ्यांचं बघा

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांच्या साडेतीन वर्षांच्या लॅबला (लॅब्रॅडॉर कुत्र्याला) चार महिन्यांत तीनदा फिट आली, डॉक्टरांनी एपिलेप्सी सांगून फिट रोखणाऱ्या फिनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू केल्या. आता ८०,००० बोनस आलाय, एजंट म्हणतो ९,००० ची पेट पॉलिसी (कुत्र्याचा विमा) घ्या आणि उरलेले "त्याच्या आजारपणासाठी" १० वर्षांच्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाका. घेऊ का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ, की पॉलिसी घेताना आजाराचं रेकॉर्ड दिसायला नको म्हणून एजंटच्याच सांगण्यावरून सहा दिवस गोळ्या बंद ठेवल्यात.

ताई, ती ओळ वाचून पोटात गोळाच आला. हे औषध एकदम बंद केलं की आधीपेक्षा जोरात फिट येऊ शकते, लवकर न थांबणारी. आत्ता डॉक्टरांना फोन करा, सहा दिवस चुकलेत हे स्पष्ट सांगा आणि ते म्हणतील त्याच डोसने सुरू करा, राहिलेल्या गोळ्या मनाने एकदम देऊ नका. फिट ५ मिनिटांच्या वर गेली किंवा २४ तासांत परत आली तर थेट दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणि एवढा धोका कशासाठी घेतला? आधीपासूनचा आजार पेट पॉलिसीत कव्हर होत नाही, क्लेमला जुने पेपर मागतात आणि त्यावर तीन फिट लिहिलेल्या आहेत. लपवलंत तर बाकीचे क्लेमही अडकतील.

तुमच्याच आकड्यांनी बघा, गोळ्या महिना ६००, दर सहा महिन्यांनी ब्लड टेस्ट ३,०००, म्हणजे वर्षाला १३,२००, डॉक्टरांची फी धरून १६,००० धरा. हे तुम्हाला झेपतं. गॅरंटीड प्लॅनमध्ये मात्र दरवर्षी ७१,००० भरायचे, बोनस येवो न येवो, आणि पैसे हातात येतील तेव्हा तो साडेतेरा वर्षांचा असेल. लॅब साधारण १०-१२ वर्षं जगतात हो! ज्याच्या नावाने प्लॅन गळ्यात मारतायत त्याला त्यातला रुपया मिळायचा नाही, कमिशन मात्र पहिल्याच वर्षी जातं.

१६,००० वर्षभराच्या औषधाला ठेवा, ४०,००० रात्री-अपरात्री काढता येतील असे सेव्हिंगला किंवा स्वीप एफडीत (खात्याला जोडलेली, गरज पडली की मोडणारी एफडी), उरलेले २४,००० तुमच्या स्वतःच्या इमर्जन्सी फंडात. एजंटला नाही म्हणून कळवा, कारण द्यायची गरज नाही. आणि डॉक्टरांशी बोलाल तेव्हा फिट आली तर घरीच द्यायचं औषध कोणतं, किती आणि कसं, हेही लिहून घ्या.