औषधपाण्याचे खाते आणि सांभाळाचे खाते

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना घरखर्चाच्या नियोजनात मदत करणे हे माझे काम आहे. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंपन्यांची ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा आणि इतर सोयी निवडण्याची मुदत सुरू झाली, की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्यापुढे येतो: "फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटमध्ये ठेवलेले पैसे वर्षअखेर उरले तर बुडतात ना? मग ते ठेवायचेच कशाला?" पगारावर कर लागण्यापूर्वी ठरावीक रक्कम बाजूला काढायची, वर्षभरातला पात्र खर्च तिच्यातून भरून घ्यायचा आणि उरलेल्या रकमेवर पाणी सोडायचे, अशी ही योजना असल्यामुळे भीती अगदीच निराधार नाही. तरीही या भीतीपोटी योजनेकडे पाठ फिरवलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांपैकी एका जोडप्याचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगत आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दोघे आले. दोघेही नोकरी करणारे, मोठा मुलगा अकरा वर्षांचा आणि धाकटी दोन वर्षांची. आईंचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते आणि सासूबाईही लगेच येऊ शकणार नव्हत्या, त्यामुळे आळीपाळीने आजींच्या भरवशावर चाललेले घर जानेवारीपासून डेकेअरवर अवलंबून राहणार होते. महिना १,४०० डॉलर हा आकडा पत्नीने दोनदा उच्चारला. करमुक्त खात्याचा विचार करावा असे तिचे म्हणणे होते. पतीने मात्र काही न बोलता प्लॅस्टिकची एक फाइल टेबलावर ठेवली. तिच्यात तीन घड्या घातलेली चार पत्रे होती आणि चारही पत्रांत एकच वाक्य होते: हा खर्च या खात्यासाठी पात्र नाही.

आदल्या वर्षी त्यांनी एकट्यानेच फॉर्म भरला होता. पर्यायांमध्ये 'हेल्थ केअर' आणि 'डिपेंडंट केअर' अशी दोन नावे दिसली. मुले आपल्यावर अवलंबून आहेत, तेव्हा मुलांच्या डॉक्टरांचा आणि दातांचा खर्च दुसऱ्या खात्यातून होत असणार, असे समजून त्यांनी तेथे २,४०० डॉलर टाकले. प्रत्येक पगारातून १०० डॉलर कापले जात राहिले आणि डॉक्टरांची बिले एकामागून एक परत येत राहिली. आपली चूक त्यांनी आठ महिने घरात कळू दिली नव्हती. "ताई, या फंदात आता पुन्हा पडायचं नाही," असे ते म्हणाले, तेव्हा ते पैशांपेक्षा त्या आठ महिन्यांबद्दल बोलत आहेत, हे माझ्या लक्षात आले.

ही चूक फार जण करतात आणि तिचा दोष मी त्या नावालाच देते. आपल्या भाषेत औषधपाणी वेगळे आणि सांभाळ वेगळा, पण इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'केअर' हा एकच शब्द येतो. म्हणून मी त्यांच्यासमोर कागदावर मधोमध रेघ ओढली आणि एका बाजूला 'औषधपाण्याचे खाते', तर दुसऱ्या बाजूला 'सांभाळाचे खाते' असे लिहिले. पहिल्यात संपूर्ण कुटुंबाचे डॉक्टर, दात, चष्मे आणि औषधे येतात; २०२० पासून साधी ओव्हर-द-काउंटर औषधेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्यात बसतात. दुसऱ्यात आई-वडील दोघेही कामावर असताना तेरा वर्षांखालील मुलांना सांभाळण्यासाठी दिलेले पैसेच येतात. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या, करदृष्ट्या आपल्यावर अवलंबून असलेल्या आणि वर्षातला निम्म्याहून अधिक काळ आपल्या घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सांभाळाचा खर्चही त्यात चालतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

नाव बदलताच पत्नीने विचारले, "मग मोठ्याचं उन्हाळ्याचं शिबिर?" मुलगा चार आठवडे दिवसभराच्या शिबिराला गेला होता आणि त्याचे १,२०० डॉलर भरले होते. दिवसाचे शिबिर सांभाळात मोडते, रात्री मुक्काम असलेले मोडत नाही. सप्टेंबरपासून तो शाळा सुटल्यावर सहा वाजेपर्यंत शाळेतल्याच वर्गात थांबत असे. त्याचे दरमहा १९० डॉलर हेही सांभाळच. जून-जुलैत दोन्ही आजी नसताना शेजारच्या एका बाईंनी धाकटीला सहा आठवडे सांभाळले होते, परंतु त्यांना पैसे रोखीने दिलेले होते आणि स्वतःचा कर-क्रमांक देण्यास त्या तयार झाल्या नाहीत. कर-विवरणासोबतच्या फॉर्म २४४१ वर सांभाळणाऱ्याचा क्रमांक द्यावा लागतो, म्हणून तो खर्च आम्ही बाजूला ठेवला. आजींना पगार दिल्यासारखे दाखवावे का, असेही त्यांनी चाचरत विचारले. मी स्पष्ट नकार दिला, कारण पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीला येथे मोबदल्याचे काम करता येत नाही.

शिबिराचे १,२०० आणि डिसेंबरपर्यंतच्या चार महिन्यांचे ७६० मिळून १,९६० डॉलर त्यांना परत मिळवता आले. ४४० बुडाले. ते वाचवण्याचा मार्ग मला सापडला नाही आणि तसे मी त्यांना सांगितले.

आता पुढच्या वर्षाचा हिशेब. २०२५ साठी सांभाळाच्या खात्याची मर्यादा ५,००० डॉलर होती आणि ती माणशी नसून संपूर्ण घराला मिळून होती. त्यांचा वरचा करदर २२ टक्के आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची कपात ७.६५ टक्के धरली, तर ५,००० वर सुमारे १,४८२ डॉलर वाचतात. माहितीपत्रके येथेच थांबतात. मला ते पटत नाही. खाते वापरलेच नसते, तरी दोन मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतच्या सांभाळखर्चावर त्यांना २० टक्के, म्हणजे १,२०० डॉलरची करसवलत मिळाली असती. खाते वापरल्यावर या ६,००० मधून ५,००० वजा होतात आणि उरलेल्या १,००० वर २०० डॉलर मिळतात. म्हणजे एकूण १,६८२ विरुद्ध १,२०० असा हा सौदा आहे आणि खरा फायदा सुमारे ४८२ डॉलरचा आहे. एकच मूल असते, तर सवलतीची मर्यादा ३,००० वर आली असती आणि खात्याचा फायदा सुमारे ८८२ झाला असता. आकडा लहान झालेला पाहून पतीचा चेहरा उतरेल असे मला वाटले होते, पण घडले उलटे. वजाबाकीसकट हिशेब मांडल्यामुळे त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असावा.

औषधपाण्याच्या खात्याबाबत एक अडचण होती. कुटुंबाचा विमा पत्नीच्या कंपनीकडून, हाय-डिडक्टिबल प्रकारचा, म्हणजे सुरुवातीचा बराच खर्च स्वतः करावा लागणारा होता आणि त्यासोबत ती हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट या उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यात पैसे भरत होती. पतीने सर्वसाधारण हेल्थ केअर खाते घेतले असते, तर ते पत्नीलाही लागू झाले असते आणि तिचा बचत खात्यात पैसे भरण्याचा हक्क गेला असता. सुदैवाने त्यांच्या कंपनीत केवळ दात आणि डोळे यांच्यापुरते मर्यादित खाते उपलब्ध होते. मुलाच्या दातांच्या तारांसाठी विम्याने दिल्यानंतर उरणारे १,८०० आणि दोन चष्म्यांचे ४००, असे २,२०० डॉलर त्यांनी तेथे टाकले. २०२५ ची मर्यादा ३,३०० होती, पण जो खर्च होणारच आहे तेवढीच रक्कम टाकावी, यावर मी ठाम असते. कंपनीने मुभा दिली असेल, तर यातले ६६० डॉलरपर्यंत पुढच्या वर्षी नेता येत होते. सांभाळाच्या खात्याला अशी सोय नाही.

"आणि फेब्रुवारीत आई परत आली तर?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न होता. सांभाळाची व्यवस्था किंवा तिचा दर बदलला, तर वर्षाच्या मध्येही कपात कमी-जास्त करण्याची परवानगी नियम देतात, फक्त कंपनीच्या योजनेत तशी तरतूद हवी आणि तिने ठरवलेल्या मुदतीत कळवावे लागते. त्यांनी तेथेच फोनवरून कंपनीच्या बेनिफिट्स विभागाला विचारले. मुदत तीस दिवसांची होती. पत्नीने ती फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली.

हे आकडे २०२५ चे आहेत. १९८६ च्या कर सुधारणा कायद्याने आलेली ५,००० ची मर्यादा, २०२१ चा अपवाद सोडला, तर इतकी वर्षे तशीच राहिली होती; २०२६ पासून ती ७,५०० झाली आहे. त्याच वेळी मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी करसवलतीचा दरही वाढला आहे, त्यामुळे दोन मुले असलेल्या घरांनी खाते आणि सवलत यांची तुलना नव्याने करावी. काहींच्या बाबतीत फरक फारच थोडा उरतो.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पतीचा फोन आला. डेकेअरचे १,४०० डॉलरचे बिल टाकले होते आणि खात्यातून फक्त २०८ मिळाल्याचे पत्र आले होते. आवाजात पुन्हा तीच धास्ती होती. औषधपाण्याच्या खात्यात वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, सांभाळाच्या खात्यातून मात्र पगारातून जमा होईल तेवढेच मिळते, हे मी त्यांना पुन्हा सांगितले. उरलेला क्लेम रद्द झालेला नव्हता, प्रलंबित होता. क्षणभर शांतता पसरली आणि मग मागून पत्नीचा आवाज आला, "मला आधी दाखव म्हटलं होतं ना?" या वेळी त्यांनी ते पत्र घरी आल्या आल्या तिच्या हातात दिले होते.